मूळ जागी शिल्लक

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे कप्पेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतपत हळू. तिला त्याचा राग येत नसे, उलट जरा बरंच वाटे. जगात पसारा करणारी माणसं मुबलक आहेत, आवरणारी किती, असा तिचा सवाल असे. घरीही तोच खाक्या. चमचे मापाप्रमाणे, औषधं तारखेप्रमाणे, आणि वडिलांच्या चपला दाराच्या डाव्या कोपऱ्यात, एक इंच इकडे तिकडे नाही. "या घरात मी एकटाच असा आहे ज्याच्यावर अजून चिठ्ठी चिकटवलेली नाही," असं वडील येईल-जाईल त्याला सांगत.

खात्याने तिच्याकडे एक जंगी काम दिलं होतं. साठ वर्षांची रजिस्टरं, नकाशे, चिठ्ठ्याचपाट्या, सगळ्यांतली माहिती काढून एका संगणक प्रणालीत नीट लावायची. साहेबांनी त्या प्रणालीला ‘ज्ञानसाठा’ असं भारदस्त नाव दिलं होतं. साहेबांना नावं ठेवायची हौस होती, दोन्ही अर्थांनी.

कप्पेबाईचा कायदा एकच: एक माहिती, एकच जागा. हे खूळ नव्हतं, ती पोळून शिकलेली होती. एकच व्हॉल्व्ह तीन रजिस्टरांत तीन ठिकाणी दाखवलेला, आणि जुन्या रजिस्टरावर विश्वास ठेवून भलतीकडे खणत बसल्यामुळे एक अख्खी वस्ती दोन दिवस कोरडी राहिलेली. तेव्हापासून माहितीची दुसरी प्रत दिसली की तिच्या कपाळावर आठी पडे. म्हणूनच पहिल्या दिवशी प्रणालीने विचारलं, की माहिती घेतल्यावर मूळ जागी तिची प्रत ठेवायची, की माहिती तिथून हलवायची आणि मागे काहीच ठेवायचं नाही, तेव्हा तिने पापणीही न लववता ‘हलवा’ निवडलं. खाली बारीक अक्षरांत होतं: ही निवड एकदाच करता येते, आणि ती सर्व प्रकारच्या स्रोतांना लागू राहील. तिने तेही वाचलं. न वाचता बटण दाबणाऱ्यांतली ती नव्हेच. वाचलं आणि खूश झाली.

तेव्हा स्रोतांचे प्रकार तीन होते. रजिस्टर, नकाशा, चिठ्ठी. चौथा प्रकार तिने स्वतःच्या हाताने चार महिन्यांनी वाढवला. ‘व्यक्ती’.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, तिच्याकडे तिने दुर्लक्ष केलं. एक आकडा ताडून पाहायला तिने गोदामातून जुनं रजिस्टर मागवलं. उघडलं तर पानं कोरी. छापलेल्या रेघा होत्या, रकाने होते, पण साठ वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं ते वळणदार अक्षर कुठेच नव्हतं. तिने दुसरं रजिस्टर उघडलं. तेही कोरं. शाई हलकी असणार, दमटपणाने उडाली असणार, असं तिने स्वतःला समजावलं. माहिती प्रणालीत सुखरूप होती, मग कागद कोरा असला काय आणि भरलेला असला काय. तिने रजिस्टर परत पाठवून दिलं.

कागद संपले तेव्हा साहेब म्हणाले, "खरी माहिती अजून म्हाताऱ्यांच्या डोक्यातच आहे. ते गेले की आपण आंधळे. काढून घ्या बघू सगळी."

पहिला नंबर पंपमामांचा लागला. तीस वर्षं पंपघरात काढलेले फिटर, साऱ्या खात्याचे मामा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून ते कुठलं बेअरिंग कधी जाणार हे सांगत, आणि ते तसंच जाई. त्यांना कप्पेबाईने आपल्या खोलीत माइकसमोर बसवलं. ते बोलत, प्रणाली लिहून घेई, कप्पेबाई ते योग्य मथळ्याखाली लावी. शेवटी सांगणाऱ्याने स्वतः ‘पक्कं’ हे बटण दाबायचं, अशी पद्धत तिनेच घालून दिली होती. म्हणजे उद्या कोणी कानावर हात ठेवायला नको.

"बरं वाटतं हो," पंपमामा दर वेळी बटण दाबून म्हणत. "ओझं उतरल्यासारखं."

नऊ दिवसांत मामा संपले. अहवालात त्यांच्या नावापुढे ‘मूळ जागी शिल्लक’ या रकान्यात शून्य आलं. साहेबांनी त्या शून्याभोवती लाल पेनने गोल काढला आणि अहवाल भिंतीवर लावला.

मग तिच्या वडिलांना बोलावणं आलं. ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले व्हॉल्व्हमन. शहराखाली पसरलेल्या नळांच्या जाळ्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह त्यांच्या तळहातांनी फिरवलेला. आता दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या झाकणांकडे बघणं एवढंच काम उरलं होतं, त्यामुळे बोलावणं आल्यावर स्वारी अशी काही फुलली की विचारू नका. इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीच्या मागोमाग जिना चढत ते ऑफिसात आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "बाई, सावकाश हं. मी काय तुमच्यासारखा शिकलेला नाही."

"बाबा, नाटकं नकोत. माइकमध्ये बोला."

नाव नोंदवताच त्यांच्यापुढे ‘मूळ जागी शिल्लक: ११८’ असं दिसलं. हा आकडा तिने भरला नव्हता. वडील अजून एक शब्दही बोलले नव्हते. प्रणालीने अंदाज बांधला असेल असं ती मनाशी म्हणाली, पण कोणत्या माहितीवरून बांधला हे काही तिला सांगता आलं नसतं.

वडिलांचं बोलणं मात्र कप्प्यांत बसणारं नव्हतं. त्यांना नुसता व्हॉल्व्ह सांगताच येत नसे. "शाळेच्या कुंपणापाशी आहे तो उलटा बसवलाय, बंद करायला डावीकडे फिरवायचा. का माहितीये? बसवणाऱ्याचं आदल्या दिवशी लग्न झालं होतं. त्याचं लक्ष कुठं होतं!" संदर्भ सोडला तर माहिती लंगडी पडते, हे कप्पेबाईला पक्कं ठाऊक. तिने एकही शब्द गाळला नाही. लग्न, कुंपण, उलटा व्हॉल्व्ह, सगळं एका नोंदीत. वडील ‘पक्कं’ दाबत आणि हात झटकत. घरी येताना ते आता पूर्वीपेक्षा झपझप चालत.

तिसऱ्या आठवड्यात पंपघरातला दोन नंबरचा पंप घरघरू लागला. पंपमामांना बोलावलं. त्यांनी सवयीने स्क्रू-ड्रायव्हर पंपाला लावला, मूठ कानाला लावली आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ. मग वळून सगळ्यांना विचारलं, "हे यंत्र कशाचं आहे हो?" माणसं खो खो हसली. मामांची थट्टा म्हणजे थट्टा. मामांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तेही हसले, सगळ्यांच्या नंतर. कप्पेबाई तिथे होती. वय झालं की असं व्हायचंच, असं म्हणून तिने ते मनाला लावून घेतलं नाही.

त्या संध्याकाळी चहा घेताना तिने सहज तो उलट्या व्हॉल्व्हचा विषय काढला.

"कुठला व्हॉल्व्ह?" वडील म्हणाले.

"शाळेच्या कुंपणाजवळचा. तुम्हीच सांगितलात की परवा."

"मी?"

तिला वाटलं चेष्टा करताहेत. तिने फोनवर ती नोंद उघडून वाचून दाखवली. वडील लक्ष देऊन ऐकत होते. लग्नाच्या जागी मनापासून हसलेसुद्धा. वाचून झाल्यावर म्हणाले, "हुशार माणूस दिसतो. कोण आहे हा?"

तिने फोन खाली ठेवला. चहावर साय आली तरी तिने कप उचलला नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी तिने त्यांना ऑफिसात नेलं, या गोष्टीसाठी ती पुढे स्वतःला कधी माफ करू शकली नाही. काम अर्धवट टाकणं तिच्या जिवावर येई. त्या दिवशी वडिलांनी दूध केंद्राच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह सांगितला. तो दुरुस्त करताना पाणी बंद झालं, आणि रिकामी घागर घेऊन एक मुलगी भांडायला आली. अशी भांडली, अशी भांडली, की व्हॉल्व्हमनने दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाणी बंद केलं. ती मुलगी म्हणजे कप्पेबाईची आई. वडिलांनी ‘पक्कं’ दाबलं.

घरी आल्यावर ते चपला काढून भिंतीपाशी थांबले. आईचा फोटो तिथे आठ वर्षं होता. रोज सकाळी तो पुसल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

"या बाई कोण गं?" त्यांनी विचारलं. "चेहऱ्यावरून तापट वाटतात."

कप्पेबाई मोरीत गेली, नळ सोडला आणि तिथे तोंडात पदर कोंबून रडली.

सकाळी ती सर्वांच्या आधी ऑफिसात पोचली. अहवाल उघडला. रजिस्टरं: शून्य. नकाशे: शून्य. पंपमामा: शून्य. वडील: एक.

एक. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. कुठला व्हॉल्व्ह राहिलाय हे शोधायची गरज नव्हती. मोठा व्हॉल्व्ह. मुख्य नळाचा, खोल खड्ड्यातला, वरून डांबर पडून कधीच दिसेनासा झालेला. त्याची गोष्ट तिने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. पण गोष्टीत तो कुठे आहे हे वडील कधी सांगत नसत, त्यांना त्यात रस नव्हता. खड्ड्यात उतरून तो बंद करत असताना वरून कोणीतरी ओरडलं होतं, मुलगी झाली म्हणून. तिच्या जन्माची गोष्ट होती ती. त्यांच्या डोक्यात ती स्वतः जिथून सुरू होत होती, ती जागा तिथे होती. ती नोंद झाली, की त्यांच्या डोक्यातून मुलगीच गेली.

तिने ‘हलवा’च्या जागी ‘प्रत ठेवा’ करून पाहिलं. बटण करडं झालेलं, दाबलं जाईना. ‘परत पाठवा’ असा एक पर्याय मिळाला, पण त्याला साहेबांची मंजुरी लागत होती. ती साहेबांकडे गेली आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही दमलाय. रजा घ्या चार दिवस."

"साहेब, बाबांच्या तेवढ्या नोंदी परत पाठवू द्या. हात जोडते."

"शहराची माहिती काढून पुन्हा एका म्हाताऱ्याच्या डोक्यात कोंबू? कप्पेबाई, तुम्ही हे बोलताय?" पहिल्यांदाच त्यांनी तिला तोंडावर त्या नावाने हाक मारली.

तिने रजा घेतली. वडिलांना ताप आहे म्हणून कळवलं. घराबाहेर पडू द्यायची नाही, कोणाशी बोलू द्यायची नाही. डोळ्यांत तेल घालून ती त्यांच्यावर पहारा करी. वडील शांत बसत. दूधवाल्याला ओळखत नव्हते, स्वतःचा जुना रस्ता ओळखत नव्हते, पण ती खोलीत आली की मान वर करून म्हणत, "आलीस? ये." तेवढं ऐकायला ती दिवसातून वीसदा उगाच आत-बाहेर करी.

रजेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मुख्य नळ फुटला. ती भाजी आणायला खाली उतरली होती. परत येते तर रस्त्याच्या उताराने पाणी धावत होतं, आणि घराचं दार सताड उघडं. शेजारीण म्हणाली, "तुमच्या ऑफिसची जीप आली होती. बाबा गेले त्यात. स्वतःहून गेले हो, शर्ट बदलून."

हातातली पिशवी तिथेच टाकून ती ऑफिसकडे धावली. घोट्याएवढ्या पाण्यातून, मग पिंडरीएवढ्या. खालच्या वस्तीत लोक म्हातारीकोतारी खांद्यावर घेऊन बाहेर काढत होते. एका घरातून पाळणा तरंगत आला, रिकामा होता म्हणून तिने देवाचे आभार मानले. तिला हेच सुचत होतं, की वडिलांना नुसतं रस्त्यावर न्यायचं. बोट दाखवा म्हणायचं. माइक नको, बटण नको.

ती जिना चढून खोलीत आली तेव्हा वडील तिच्याच खुर्चीत बसले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, सगळे मोठ्या पडद्यापाशी नोंदीची वाट बघत खाली उभे होते, ‘पक्कं’ दाबल्याखेरीज ती तिथे उमटत नसे. वडील माइकमध्ये सांगत होते, "...चौकातल्या तिसऱ्या दिव्यापासून नऊ पावलं. अकरा फेरे. सातव्याला अडतो, घाबरायचं नाही, थोडा मागे घेऊन पुन्हा पुढे."

"बाबा, दाबू नका!"

त्यांनी मान वर केली. "आलीस? ये."

"नका दाबू. आपण जाऊ तिकडे. तुम्ही नुसतं दाखवा. मी हात धरते तुमचा."

"माझ्या पायांना तिथवर पोचायला आता होडी लागेल. पाणी लोकांच्या घरात गेलंय ना गं?"

"तुम्हाला माहीत नाही त्याने काय होतं."

"मला नाही माहीत?" ते हसले. "रोज जरा जरा हलका होऊन घरी येत होतो. भिंतीवरच्या फोटोतली बाई आठवेना, आणि तू मोरीत जाऊन रडलीस, म्हणजे ती तुझी आईच असणार. नळ सोडला म्हणून ऐकू येत नाही होय मला? जन्म पाण्यात गेला माझा." ते थांबले. "तू नीट लावून ठेवशील. तेवढं मला ठाऊक आहे."

त्यांनी ‘पक्कं’ दाबलं. नेहमीसारखा टिक असा बारीक आवाज आला.

खालून आरोळी उठली, माणसं धावली, जीप सुरू झाली. वडिलांनी हात झटकले. मग त्यांना दारात कोणीतरी ओलीचिंब बाई उभी दिसली, तसे ते लगबगीने खुर्चीतून उठले.

"बसा ना ताई," ते म्हणाले. "भिजलात किती."

त्यांनी स्वतःचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिने घेतला. अर्ध्या तासाने पाणी थांबल्याची बातमी आली. ती त्यांच्याशेजारी बसून होती, रुमाल तसाच घडी घातलेला हातात.

मग ती उठली. साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब धावपळीत आपला संगणक तसाच उघडा टाकून गेले होते, मंजुरी आता तिला स्वतःच देता येत होती. तिने आजची नोंद शोधली, ‘परत पाठवा’ दाबलं. उत्तर आलं: मूळ जागा रिकामी झाल्याने कायमची बंद करण्यात आली आहे. दुसरी जागा निवडा.

खाली खात्यातल्या लोकांची यादी होती. तिने स्वतःचं नाव निवडलं. प्रणालीने बजावलं, की ही माहिती यापुढे इथे राहणार नाही. आयुष्यभर तिने ज्या एका कायद्यावर काम केलं तो तिला समोर दिसत होता. तिने ‘हलवा’ दाबलं.

काही झालं नाही. पंखा फिरत होता. ती परत वडिलांपाशी आली आणि खुर्चीवर टेकता टेकता तिच्या तळव्यांना गार लोखंड लागलं. गुडघ्यापर्यंत चिखल होता. वर गोल आभाळ, त्यात कोणाचं तरी डोकं, आणि हाक. सातवा फेरा अडला होता. हाक ऐकून हातातला पाना निसटला, आणि ती, म्हणजे तो, चिखलात फतकल मारून बसला आणि लहान पोरासारखा रडला. गोष्टीत वडिलांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. मग उरलेले फेरे, मग धाव, मग चिखलाचे हात शर्टाला पुसून पुढे केलेले, आणि त्यांत ठेवलेलं ते एवढंसं, ऊन ऊन ओझं. आपण हिला सांडणार, ही एकच भीती. आणि त्या भीतीमागून असं काही आलं की त्याला लावायला तिच्याकडे मथळा नव्हता.

"ताई, बरं वाटत नाही का?" शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"मला मुलगी झाली तेव्हाची गोष्ट आठवली," ती म्हणाली. तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "मी खड्ड्यात होते. सांगू?"

"सांगा की. मला काय काम आहे?"

तिने सांगितली. तो चिखल, तो अडलेला फेरा, ते रडणं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. अधूनमधून मान हलवत होता, दुसऱ्याच्या सुखात भाग घेणारी माणसं हलवतात तशी.

"छान," शेवटी तो म्हणाला. "नशीबवान आहात. आता कुठं असते मुलगी?"

"इथंच असते," ती म्हणाली. "वडिलांपाशी."

"वा," तो म्हणाला, आणि खोलीत दुसरं कोणी आहे का ते बघू लागला.